पायपरची पानं: अठ्ठावीस शून्यं आणि नव्वद मुलं

तालुक्यातल्या विज्ञान शिक्षकांच्या बैठकीत या वेळी विद्यार्थ्यांच्या प्रामाणिकपणावर बोलायचं होतं आणि एक प्रकरण मांडायची जबाबदारी माझ्या गळ्यात पडली. कॉपी म्हटलं की आपल्यापुढे थेट फेब्रुवारी-मार्च उभा राहतो. भरारी पथक, बैठं पथक, खिडकीच्या गजांना लटकलेले मामा-काका, मुंगीएवढ्या अक्षरातली मायक्रो झेरॉक्स. त्यावर प्रत्येकाकडे किस्से असतात, आणि किस्से संपेपर्यंत चहा येतो. म्हणून मी मुद्दाम असं प्रकरण शोधलं, ज्यात परीक्षेचा हॉल नाही, पर्यवेक्षक नाही, चिठ्ठीही नाही. आहेत ती झाडांची पानं. घरी करायचा प्रकल्प, इंटरनेटवरून उतरवलेला मजकूर, बाईंनी दिलेलं शून्य, आणि त्या शून्यापायी एका गावाची झालेली शोभा.

प्रकरण अमेरिकेतलं, २००१ सालचं. तिकडे ते बहुतेक वेळा 'बाई विरुद्ध बोर्ड' असं सांगितलं जातं: तत्त्वाला धरून राहिलेली तरुण शिक्षिका आणि पालकांपुढे नमलेलं बोर्ड. ते खोटं नाही. पण आकडे मांडून बघितले तेव्हा मला त्यात एक तिसरा पक्ष दिसला, ज्याला कुणी बैठकीला बोलावलंच नव्हतं.

बोर्ड म्हणजे पुण्याचं नव्हे

कॅन्सस सिटी नावाची दोन शहरं एकमेकांना खेटून आहेत. एक मिसुरी राज्यात, दुसरं कॅन्सस राज्यात. पायपर ही कॅन्ससमधल्या शहराच्या पश्चिम टोकाची वस्ती, वायनडॉट काउंटीतली. तिथलं पायपर हायस्कूल हे आपल्या प्रकरणाचं ठिकाण.

'बोर्ड' हा शब्द आधी नीट लावून घेऊ. आपल्याला बोर्ड म्हटलं की पुण्याचं राज्य मंडळ आठवतं, नऊ विभागीय मंडळं, मार्चच्या प्रश्नपत्रिका. तिथं स्कूल बोर्ड म्हणजे त्या छोट्या शाळा-जिल्ह्यातल्या मतदारांनी निवडून दिलेले सामान्य नागरिक. अधीक्षक, म्हणजे त्या शाळांचा प्रमुख अधिकारी, नेमणं, पैसा, धोरण, शिक्षकांच्या नेमणुका हे सगळं त्यांच्या हाती. आपल्याकडचे संस्थाचालक आणि ग्रामपंचायत यांच्या मधलं काहीतरी समजा. सदस्य गावातलेच, त्यांची मुलंही बहुधा त्याच शाळांत शिकलेली, आणि तक्रार घेऊन आलेला पालक म्हणजे एक तर शेजारी, नाही तर मतदार, बऱ्याचदा दोन्ही.

दुसरी गोष्ट गुणांची. तिकडे दहावीला आपल्यासारखी बोर्डाची एकच मोठी परीक्षा नसते. वर्गातल्या बाईंनी दर सत्राला दिलेली श्रेणीच प्रगतिपत्रकात कायमची बसते आणि पुढे कॉलेजच्या अर्जाबरोबर जाते. त्यामुळे डिसेंबरातलं एका विषयातलं नापास हे आपल्या सहामाहीतल्या नापासासारखं नसतं. आपल्याकडे सहामाहीला नापास झालेल्याला घरी दोन शब्द ऐकावे लागतात, मार्चमध्ये भरपाई होते. तिथं ते दोन शब्द कागदावर राहतात. पालक इतके का पेटले, हे कळायला एवढं माहीत असावं लागतं.

वीस पानं

जीवशास्त्राच्या शिक्षिका क्रिस्टीन पेल्टन. नोकरीचं दुसरंच वर्ष. त्यांना मी पेल्टनबाई म्हणते, कारण हे लिहिताना माझ्यासमोर सारखी आमच्याच शाळेतली एखादी नवी रुजू झालेली बाई येत राहिली.

प्रकल्प वनस्पतींच्या पानांचा. वीस प्रकारची पानं गोळा करायची, वाळवायची, लावायची, त्या झाडांविषयी लिहायचं आणि वर्गासमोर तोंडी सांगायचं. दहावीच्या ११८ मुलांनी सत्रभर करायचं काम. कॅन्ससचा अधिकृत राज्यवृक्ष कॉटनवुड. ओक, मेपल, सिकॅमोर हीदेखील तिकडची नेहमीची झाडं. पानगळीच्या दिवसांत असा प्रकल्प द्यायला सोपा आणि करायलाही मजेचा. आपणही देतोच की. जुन्या वर्तमानपत्रात दाबलेली करंजाची, पिंपळाची, आपट्याची पानं, फेविकॉलनं ताठ झालेला ड्रॉइंग पेपर, आणि दसऱ्याच्या आसपास सगळ्या वर्गाच्या फायलींमध्ये आपटाच आपटा.

फरक होता तो गुणांचा. हा एक प्रकल्प सत्राच्या निकालात तब्बल ५० टक्के धरला जाणार होता.

वर्षाच्या सुरुवातीला पेल्टनबाईंनी वर्गाचे नियम छापून दिले होते आणि त्यांवर मुलांच्या आणि पालकांच्याही सह्या घेतल्या होत्या. त्यात एक नियम स्पष्ट होता: दिलेलं काम स्वतःचं असलं पाहिजे, नक्कल किंवा उचलेगिरी आढळली तर त्या कामाला गुण नाहीत.

डिसेंबरात फायली आल्या. वाचताना काही वाक्यं बाईंना खटकली. पंधरा-सोळा वर्षांच्या पोराची ती भाषा नव्हती. हे खटकणं कसं असतं, ते तपासणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. दोन परिच्छेद 'हे झाड खूप उंच असते व त्याची पाने छान असतात' असं चाललेलं असतं आणि तिसऱ्यात एकदम 'पर्णविन्यास एकांतरित, पर्णधारा दंतुर' सुरू होतं. आपण मान वर करतो, चष्मा पुसतो, आणि बहुतेक वेळा लाल रेघ न मारता पुढचं पान उलटतो, कारण अजून चाळीस फायली राहिलेल्या असतात. पेल्टनबाईंनी पुढचं पान उलटलं नाही. त्या वेळी नव्यानं आलेल्या टर्निटिन या संगणकीय सेवेत त्यांनी मजकूर टाकून पाहिला. ही सेवा लेखन इंटरनेटवरच्या आणि आधी जमा झालेल्या मजकुराशी ताडून कुठली ओळ कुठून आली ते दाखवते. ११८ पैकी २८ मुलांचा मजकूर उचललेला निघाला.

अठ्ठावीस जणांना शून्य. आणि निम्म्या सत्राला शून्य म्हणजे जवळजवळ नापासच.

मुख्याध्यापक आणि अधीक्षक, दोघंही आधी बाईंच्या पाठीशी उभे राहिले. पालकांनी त्यांना ओलांडून थेट बोर्ड गाठलं. ११ डिसेंबर २००१ ला बोर्डाची बैठक झाली आणि बाईंनी दिलेली शिक्षा बोर्डानं बदलली. दुसऱ्या दिवशी बाई वर्गात गेल्या तेव्हा निर्णय त्यांच्या आधी वर्गात पोहोचलेला होता. मुलांचा जल्लोष चालू होता. आता तुमचं ऐकायची गरज नाही, असा सूर होता. बाई दुपारी शाळेबाहेर पडल्या त्या परत आल्याच नाहीत. राजीनामा दिला, सत्र संपायलाही थांबल्या नाहीत.

त्या निर्णयाचं गणित

या प्रकरणाबद्दल बोलणारे बरेच जण 'बोर्डानं बाईंचा निर्णय फिरवला' एवढं म्हणून पुढे जातात. मला इथेच थांबायचं आहे. बोर्डानं शून्य रद्द केलं, पण नेमकं कसं?

दोन गोष्टी केल्या. पहिली: उचलेगिरी सापडलेल्यांना प्रकल्पात शून्य न देता १८०० गुणांतले ६०० कापायचे. दुसरी: प्रकल्पाचा सत्राच्या निकालातला वाटा ५० टक्क्यांवरून ३० टक्क्यांवर आणायचा.

पहिली गोष्ट दयेची आहे. ती चूक की बरोबर, यावर वाद होऊ शकतो. दुसरी गोष्ट वेगळी आहे. ती अठ्ठावीस जणांपुरती राहत नाही, सगळ्या वर्गाचं माप बदलते.

बैठकीत मी फळ्यावर दोन मुलं काढली. मुलं कल्पनेतली, आकडे माझे, पण नियम बोर्डाचेच.

एक मुलगा, परीक्षांत हुशार. लेखी चाचण्यांत त्याला ८० टक्के. पानं गोळा करायचा कंटाळा केला, मजकूर उतरवला, सापडला. बाईंच्या नियमानं प्रकल्पाचं शून्य आणि चाचण्यांचे निम्मे, म्हणजे एकूण ४०. नापास. बोर्डाच्या नियमानं, ६०० सोडून बाकीचे सगळे गुण मिळाले असं धरलं तर १८०० पैकी १२००, म्हणजे ६६ पूर्णांक ६७ टक्के. त्याचा ३० टक्के वाटा २०, आणि चाचण्यांचा ७० टक्के वाटा ५६. एकूण ७६.

एक मुलगी, लेखी परीक्षेत घाबरणारी. चाचण्यांत ६५. पण झाडांखाली हिंडली, पानं वाळवली, स्वतःच्या शब्दांत लिहिलं, प्रकल्पात ९५. बाईंच्या नियमानं ४७.५ आणि ३२.५, एकूण ८०. बोर्डाच्या नियमानं २८.५ आणि ४५.५, एकूण ७४.

सोमवारी ती ८० वर होती आणि तो ४० वर. बुधवारी तो ७६ वर आणि ती ७४ वर.

फळ्यावर हे मांडलं तेव्हा मागच्या बाकावर मोबाइल बघत बसलेल्या दोन सरांनीही मान वर केली. आपण शिक्षक आहोत, तत्त्वापेक्षा बेरजेला लवकर भुलतो. पण इथं बेरीजच तत्त्व सांगते. प्रकल्पाला जास्त गुण का ठेवायचे? लेखी परीक्षेत मागे पडणाऱ्या पण हातानं, डोळ्यांनी, चिकाटीनं काम करणाऱ्या मुलाला कुठे तरी जागा मिळावी म्हणून. तो वाटा कमी केला की सगळ्यात आधी तेच मूल खाली येतं. उतरवणाऱ्याला वाचवण्यासाठी बोर्डानं सत्र संपताना माप बदललं आणि त्याची किंमत ज्यांनी फाइल खरोखर केली त्यांच्या खात्यातून गेली.

११८ मधून २८ गेले की ९० उरतात. या नव्वद मुलांचे पालक बोर्डापुढे आले नाहीत. त्यांची मुलं नियमानं वागली होती, मग येतील कशाला? प्रामाणिक मुलाची तक्रार नसते, म्हणून त्याची फाइल टेबलावर येत नाही. माझ्या मते या प्रकरणाचा गाभा हा आहे, राजीनामा नव्हे.

पालकांची बाजू, आणि त्यात थोडं तथ्य

पालकांचं म्हणणं साधारण असं होतं: आमच्या मुलांना उचलेगिरी म्हणजे नेमकं काय तेच नीट माहीत नव्हतं, त्यांनी चोरी केली नाही, माहिती घेतली, आणि शिक्षा गुन्ह्याच्या मानानं फार मोठी आहे.

यातल्या पहिल्या मुद्द्यावर हसायची घाई करू नये. पानाचं वर्णन ही गोष्टच अशी आहे की ती फार वेगळ्या शब्दांत लिहिता येत नाही. 'पान साधे, कडा दंतुर, शिराविन्यास जाळीदार.' हे वाक्य कुणाचं? पाठ्यपुस्तकाचं, माझं, की त्या मुलाचं? दहा वर्षं आपणच मुलांना सांगतो की व्याख्या जशीच्या तशी लिही, एक शब्द बदललास तर गुण जातील. मग एके दिवशी सांगतो, जशीच्या तशी लिहिलीस म्हणून शून्य. मुलाला धक्का बसणारच.

पण हा बचाव फार लांब जात नाही, कारण नव्वद जणांना त्याच झाडांवर स्वतःचं लिहिता आलं होतं. आणि तपासणाऱ्याला फरक कळतो. ज्यानं पान हातात धरलं आहे त्याच्या लेखनात पानाची एखादी बारीकशी फजिती येतेच: मधे अळीनं पाडलेलं भोक, वाळताना काळा पडलेला देठ, 'हे आमच्या घराशेजारच्या पार्किंगमधून आणले'. उतरवलेल्या मजकुरातलं पान नेहमी निरोगी असतं.

तिसरा मुद्दा, शिक्षेच्या आकाराचा. इथं मी पालकांशी अर्धी सहमत आहे, आणि बैठकीत हे म्हटलं तेव्हा काही भुवया वर गेल्या. एकाच प्रकल्पाला निम्मं सत्र बांधणं हाच मुळात धोका. त्यामुळे बाईंच्या हातात मधली पायरीच उरली नाही. वीसपैकी तीन पानांचा मजकूर उचलणारा आणि वीसच्या वीस उचलणारा, दोघांना एकच शून्य, आणि दोघांचंही सत्र बुडालं. नियम चांगला होता. त्याच्यावर वजन फार टाकलं होतं. दुसऱ्याच वर्षाच्या शिक्षिकेकडून मुरलेल्या माणसाच्या तारतम्याची अपेक्षा करणं अन्यायाचं आहे, हेही खरं. ते तारतम्य त्यांना वेळेत सुचवणं वरिष्ठांचं काम होतं, सप्टेंबरात, डिसेंबरात नव्हे.

आणि त्या प्रकल्पात तोंडी सादरीकरण आधीच होतं! मला सारखं वाटत राहतं की वाट तिथूनच निघाली असती. लेखी भाग शून्य. तोंडी भागासाठी पुन्हा पानं समोर ठेवा, ओळखायला सांगा, जेवढं येतं तेवढे गुण. शून्यही राहिलं असतं आणि दारही. बोर्डाला हे सुचवता आलं असतं. पण बोर्डानं पानांकडे पाहिलं नाही, टक्क्यांकडे पाहिलं.

सही

पेल्टनबाईंच्या बाजूचा सगळ्यात भक्कम पुरावा म्हणजे त्या नियमांवरच्या पालकांच्या सह्या. कायद्याच्या भाषेत बोलायचं तर विषय तिथेच मिटायला हवा होता.

मी आमच्या शाळेच्या डायरीतलं सूचनांचं पान बैठकीत फिरवलं. सोळा नियम. खाली पालकांची सही. जूनमध्ये पहिल्या आठवड्यात डायऱ्या जमा होतात, वर्गशिक्षक सही आहे की नाही एवढंच बघतात, आणि निम्म्या सह्या एकाच वळणाच्या असतात, कारण त्या मधल्या सुट्टीत एकाच पोरानं केलेल्या असतात. प्रामाणिकपणाच्या नियमाखालची सहीच खोटी. यावर सगळे हसले. मीही हसले, पण डायरी परत पिशवीत टाकताना मला जरा ओशाळल्यासारखं झालं, कारण गेली अनेक वर्षं त्या सह्या मीच 'तपासल्या' म्हणून टिक करत आले आहे.

सहीनं नियम कळवला जातो, समजावला जात नाही. 'स्वतःच्या शब्दांत' म्हणजे काय, हे एका तासिकेत, एकच परिच्छेद घेऊन, फळ्यावर तीन प्रकारे लिहून दाखवावं लागतं. ते केलं असतं तर पायपरच्या पालकांचा 'आम्हाला माहीत नव्हतं' हा बचाव सप्टेंबरातच संपला असता.

नंतर काय झालं

२००२ च्या सुरुवातीला बातमी आधी स्थानिक आणि मग देशभरच्या वर्तमानपत्रांत आणि टीव्हीवर गेली. काउंटीच्या सरकारी वकिलांनी, हा निर्णय बंद दाराआड घेतला असा आक्षेप घेऊन, राज्याच्या खुल्या सभांच्या कायद्याखाली बोर्डाला कोर्टात खेचलं. मुख्याध्यापकांनी शाळा सोडली, काही शिक्षकांनीही. कॅन्सस स्टेट विद्यापीठाच्या अधिष्ठात्यांनी पत्र लिहून निर्णयावर टीका केली आणि आमच्याकडे येणाऱ्या पायपरच्या मुलांनी आमची प्रामाणिकपणाची संहिता पाळावी अशी अपेक्षा राहील, असं बजावलं. बाहेरगावी गेलेल्या पायपरच्या मुलांना शाळेच्या नावावरून टोमणे ऐकावे लागले. पेल्टनबाईंनी घरीच लहान मुलांचं पाळणाघर सुरू केलं.

टोमणे मारणाऱ्याला समोरचा अठ्ठावीसमधला की नव्वदमधला, हे कुठे माहीत असतं? पालक बोर्डाकडे गेले होते मुलांच्या प्रगतिपत्रकावर डाग लागू नये म्हणून. डाग लागलाच, तो शाळेच्या नावावर लागला आणि वाटून घेतला सगळ्यांनी.

'हे तिकडचं झालं'

चर्चेत एका ज्येष्ठ सरांनी लगेच हा शेरा मारला. तिकडे निम्मे गुण, इथे काय, अंतर्गतचे वीस. त्या वीसात कुणाला शून्य दिलंय कधी?

त्यांचं बरोबर आहे आणि नेमकं तेच अवघड आहे. आपल्याकडे कायदा आहे. परीक्षांमधल्या गैरप्रकारांना आळा घालणारा महाराष्ट्राचा अधिनियम १९८२ सालचा. बोर्डाची शिक्षासूची आहे, पथकं आहेत. पण हे सगळं परीक्षेच्या दालनापुरतं. प्रयोगवही, प्रकल्प, जलसुरक्षेची वही या गोष्टी दालनाबाहेर, घरी, सायबर कॅफेत आणि जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात तयार होतात. एका मुलीची वही पूर्ण होते आणि वर्गभर फिरते. निरीक्षणाच्या तक्त्यात साठ मुलांचं तापमान दशांशापर्यंत सारखं येतं. एकदा एका वहीतली चूकसुद्धा, २७.४ च्या जागी ७२.४, बावीस वह्यांत उतरलेली मी पाहिली आहे. प्रयोगशाळेतल्या पाण्याला त्या दिवशी बावीस वेळा चटका बसला. आणि मी काय केलं? सगळ्यांना अठरा, एकोणीस दिले, कारण शाळेचा निकाल, कारण सगळे तेच करतात, कारण ७२.४ लिहिणाऱ्या बावीसांना कमी दिले असते तर बावीस पालक आणि एक संस्थाचालक यांच्याशी बोलावं लागलं असतं. पायपरच्या बोर्डानं एका रात्रीत जे केलं ते मी दर फेब्रुवारीत, कुणी न सांगता करते.

'मग साठ पोरांची तोंडी कधी घ्यायची?' असं त्या सरांनी विचारलं. प्रश्न खवचट नव्हता. आठवड्याच्या तासिका ठरलेल्या, पोर्शन संपवायचा, त्यात मतदारयादीचं बीएलओचं काम, पगाराचं शालार्थ, शाळेच्या आकडेवारीचं यू-डायस. कुणाकडे उत्तर नव्हतं. एका तरुण बाईंनी सुचवलं की सगळ्यांची नको, चिठ्ठ्या टाकून दहा जणांची घ्यावी. आपली पाळी येईल की नाही हे कुणालाच माहीत नसलं की सगळे थोडं तरी वाचून येतात. त्यावर बराच वेळ चर्चा चालली. चिठ्ठी या शब्दाला आमच्या व्यवसायात पहिल्यांदाच चांगलं काम मिळालं, असं कुणी तरी म्हणालं.

मी या वर्षी नववीला तसंच केलं. पानांच्या फाइलचे गुण पाच ठेवले, त्यातले तीन मैदानावर उभं राहून झाड ओळखायचे. नियम जुलैत सांगितला, फळ्यावर उदाहरण करून दाखवलं, आणि सही घेतली नाही.

दहा चिठ्ठ्यांत एका मुलीचं नाव निघालं. वर्गातली सर्वांत देखणी फाइल तिची. रंगीत प्रिंट, लॅमिनेशन, प्रत्येक पानाखाली लॅटिन नाव. शाळेच्या कुंपणालगतच्या करंजापाशी तिला उभं केलं. तिच्या फाइलमध्ये चौथ्या पानावर 'पोंगामिया पिनाटा' छापलेलं होतं. तिनं झाडाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि रडायला लागली. बाई, दुकानात करून दिली, म्हणाली. कुठल्या दुकानात ते मी विचारलं नाही.

पाचपैकी तीन खोडले. उरलेल्या दोनाचं काय करायचं ते मलाही तिथल्या तिथे ठरवता येईना. शनिवारपर्यंत शाळेच्या आवारातली पाच पानं स्वतः तोडून आण, नावं मराठीत लिही, पेन्सिलनं लिहिलंस तरी चालेल, असं सांगितलं. वर्गातल्या इतरांनाही हेच सांगितलं, ज्यांना गुण वाढवायचे त्यांनी यावं. एकटीलाच सवलत दिली तर मीच पायपरचं बोर्ड झाले असते.

शनिवारी सकाळच्या शाळेला ती आली. वहीच्या कागदावर सेलोटेपनं चिकटवलेली पाच पानं. करंज बरोबर, कडुनिंब बरोबर, आंबा, अशोक. पाचव्या पानाखाली 'चिंच' लिहिलं होतं आणि पान गुलमोहराचं होतं. दोन्हींच्या पर्णिका बारीक, ओळीनं लागलेल्या. नववीतल्या मुलीची गल्लत होण्यासारखीच. मी तिला चिंचेखाली नेलं आणि दोन्ही पानं शेजारी धरून बघायला सांगितलं. तिनं बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, बाई, गुलमोहराला फाट्याला परत फाटे आहेत, हिला नाहीत.